एकाच भट्टीच्या दोन बर्बन: गव्हाची घ्यावी की रायची?

प्रश्न असा आहे: केंटकी राज्यात डॅनव्हिल गावी वाइल्डरनेस ट्रेल नावाची डिस्टिलरी आहे. तिच्या दोन बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की) आहेत, एक गव्हाची आणि एक रायची. दोन्हींवर 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेलं (त्याचा अर्थ पुढे येतो), दोन्ही 100 प्रूफ, म्हणजे 50 टक्के अल्कोहोल. या दोघींत नेमका फरक काय, एकच घ्यायची झाली तर कोणती, आणि दोन्ही घेतल्या तर तो फरक जिभेला कळावा म्हणून काय करावं?

निकाल आधीच सांगून टाकतो. एकच बाटली घेणार असाल आणि ती बर्फ, पाणी, कॉकटेल अशी सगळीकडे चालवायची असेल, तर रायची घ्या. जेवणानंतर काही न मिसळता छोटे घोट घेणारे असाल, तर गव्हाची. पण 'गव्हाची गोड आणि रायची तिखट' एवढ्या ऐकीव माहितीवर निवड करू नका. त्यातला पहिला भाग चूक आहे आणि दुसरा अर्धवट.

तुलनेसाठी ही जोडी फार चांगली, कारण तिच्यात मुद्दाम बदललेली गोष्ट एकच आहे. दोन्हींत मका 64 टक्के, मोड आणून वाळवलेलं जव 12 टक्के. उरलेले 24 टक्के एकीत गहू, दुसरीत राय. धान्याच्या या प्रमाणाला बर्बनवाले 'मॅश बिल' म्हणतात. एरवी लोक मेकर्स मार्क ही गव्हाची आणि वाइल्ड टर्की ही रायची, अशा दोन वेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या बर्बन शेजारी ठेवून गहू-रायचा निवाडा करायला बसतात. त्यात धान्य बदलतं, यीस्ट बदलतं, भट्टी बदलते, पिंपात भरतानाची तीव्रता बदलते, गोदाम बदलतं, बाटलीतली तीव्रताही बदलते. मग चवीतला फरक नक्की कोणाच्या खात्यावर टाकायचा?

राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे, हेही सांगून ठेवतो, कारण हा गोंधळ नेहमी होतो. मोहरीशी तिचं काही नातं नाही. गव्हाच्या गोतातलं, थंडी सोसणारं हे धान्य. उत्तर आणि पूर्व युरोपात त्याचा काळसर, आंबूस पाव करतात.

चोवीस टक्के हा आकडाही लक्षात घ्या. मेकर्स मार्कमध्ये गहू 16 टक्के असतो, हेवन हिल डिस्टिलरीच्या लार्सनी या बर्बनमध्ये 20. वाइल्ड टर्कीच्या बर्बनमध्ये राय 13 टक्के. म्हणजे वाइल्डरनेस ट्रेलने दोन्हीकडे हात सैल सोडला आहे. रायच्या बाटलीला लोक 'हाय राय' म्हणतात, पण या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. फोर रोझेस या डिस्टिलरीच्या एका मॅश बिलमध्ये राय 35 टक्क्यांवर जाते, तिच्यापुढे ही मध्यम म्हणावी लागेल.

छोट्या, स्वतंत्र डिस्टिलरीला लावतात त्या 'क्राफ्ट' या शब्दाचंही तसंच. ही डिस्टिलरी शेन बेकर आणि पॅट हाइस्ट या दोघांनी 2012 मध्ये सुरू केली. हाइस्ट सूक्ष्मजीवशास्त्रातले, बेकर इंजिनिअर, आणि दोघांची त्याआधीपासून फर्म सोल्यूशन्स नावाची कंपनी होती. इतर डिस्टिलऱ्यांना यीस्ट पुरवणं आणि त्यांच्या आंबवणीतल्या अडचणी सोडवणं हा तिचा धंदा. स्वतःची बर्बन त्यांनी 2018 मध्ये बाजारात आणली. 2022 मध्ये कंपारी या मोठ्या मद्यसमूहाने 70 टक्के हिस्सा 42 कोटी डॉलरला घेण्याचं जाहीर केलं; वाइल्ड टर्कीही याच समूहाची. तेव्हा मालकी पाहिली तर आज हिला क्राफ्ट म्हणणं जरा ओढून ताणून आहे. पद्धत पाहिली तर मात्र शब्द शोभतो.

पद्धतीतली पहिली खूण म्हणजे 'स्वीट मॅश'. केंटकीतल्या बहुतेक डिस्टिलऱ्या 'सावर मॅश' पद्धतीने काम करतात: आधीच्या खेपेतून दारू काढून घेतल्यावर भट्टीच्या तळाशी जे आंबट पाणी उरतं, त्यातलं काही नव्या खेपेत घालतात. आपल्याकडे याला कोणी कोणी विरजण म्हणतं. ते चुकीचं आहे. विरजणात जिवाणू जिवंत असतात. इथे ते पाणी उकळत्या भट्टीतून गेलेलं असतं, त्यात जिवंत काही उरत नाही. काम करते ती त्याची आम्लता. आम्लता वाढली की नको त्या जिवाणूंना थारा मिळत नाही आणि यीस्ट निवांत वाढतं. स्वीट मॅशमध्ये हा आधार काढून घेतलेला असतो. दर खेपेला ताजं पाणी, ताजं धान्य. लॅक्टिक जिवाणू शिरले तर साखर ते खातात, दारू कमी निघते आणि वास आंबूस होतो. म्हणून टाक्या, नळ्या, व्हॉल्व्ह यांची स्वच्छता दवाखान्यासारखी लागते. यीस्टचाच धंदा असलेल्या दोघांनी ही पद्धत निवडावी यात नवल नाही. आपल्या तुलनेला याचा फायदा असा की धान्याची चव आंबट पाण्यामागे झाकली जात नाही. गहू आणि राय यांच्यात फरक असेल तर तो इथे उघडा दिसतो.

आता धान्य काय करतं ते. मका जवळजवळ उकळत्या पाण्यात शिजवतात, कारण त्याच्या पिठातला स्टार्च कमी तापमानाला सुटत नाही. घोळ थोडा निवला की गहू किंवा राय घालतात, आणि साधारण 63 ते 65 अंशांवर आला की शेवटी मोड आलेलं जव. मटकीला मोड आणल्यावर ती गोडसर लागते, त्याच कारणाने जव इथे येतं: मोड येताना दाण्यात जी विकरं तयार होतात ती स्टार्च फोडून साखर करतात. घोळ जास्त गरम असताना जव टाकलं तर ती विकरं मरतात आणि अख्खी खेप बिनसाखरेची राहते. राय इथेही त्रास देते. तिच्यातल्या डिंकासारख्या तंतूंमुळे घोळ खळीसारखा चिकट होतो, आंबताना फेस वर चढतो, पंप धापा टाकतात. गहू त्या मानाने शहाणं मूल.

यीस्ट साखर खाऊन दारू करतं आणि भट्टीतून फक्त वाफ वर जाते. साखर उडत नाही, ती तळाशी राहते. म्हणजे भट्टीतून बाहेर पडलेल्या पाण्यासारख्या पांढऱ्या दारूत मक्याची, गव्हाची वा रायची साखर अजिबात नसते. बर्बनमध्ये बाहेरून रंग, साखर किंवा अर्क घालायलाही कायद्याने बंदी आहे. मग गव्हाची बाटली गोड कशी लागते? गोडपणा आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपातून येतो, आणि तोही बराचसा वासाचा. लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन होतं. ओकमधल्या लॅक्टोनांचा वास खोबऱ्याकडे झुकतो. जळक्या थराच्या मागे लाकडातल्या शर्करा भाजून कॅरॅमलसारख्या झालेल्या असतात. हे तिन्ही दोन्ही बाटल्यांत आहेत. रायच्या बाटलीत त्यांच्यावर दालचिनी, लवंग, पुदिना, संत्र्याची साल अशी धारदार वासांची फळी उभी राहते. गव्हाच्या बाटलीत ती फळी नाही, म्हणून मागचं दृश्य मोकळं दिसतं. गहू गोडवा घालत नाही, मध्ये येत नाही, एवढंच. म्हणूनच गव्हाच्या बर्बनमध्ये पिंपाचा दोषही लवकर उघडा पडतो. कडवट, तुरट लाकूड रायच्या मसाल्यात खपून जातं, गव्हात जिभेवर बसतं.

पद्धतीतली दुसरी खूण म्हणजे पिंपात भरतानाची तीव्रता. कायदा 125 प्रूफपर्यंत, म्हणजे 62.5 टक्क्यांपर्यंत भरायला परवानगी देतो आणि मोठे कारखाने बहुधा त्याच्या आसपासच भरतात. वाइल्डरनेस ट्रेल आपली बर्बन साधारण 110 प्रूफला, 55 टक्क्यांना भरते. यात खर्च आहे: तीच दारू जास्त पाण्यासह भरल्यामुळे पिंपं सुमारे साडेतेरा टक्के जास्त लागतात, आणि बर्बनला प्रत्येक वेळी नवं पिंप हवं. पण पाण्याचा अंश जास्त असल्याने लाकडातल्या पाण्यात विरघळणाऱ्या शर्करा जास्त उतरतात. दुसरं म्हणजे बाटलीत भरताना पाणी कमी मिसळावं लागतं. समजा पिंपातून 114 प्रूफची व्हिस्की निघाली. तिच्या 100 मिलीत सुमारे 14 मिली पाणी घातलं की 100 प्रूफ होते. 130 प्रूफची निघाली असती तर 30 मिली घालावं लागलं असतं. केंटकीच्या उन्हाळ्यात गोदामातल्या पिंपातून पाणी दारूपेक्षा जास्त उडतं आणि तीव्रता वर्षागणिक चढत जाते, त्यामुळे हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. या दोन्ही बाटल्या 50 टक्क्यांवरही भरीव लागतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

'बॉटल्ड इन बाँड' हा जाहिरातीचा शिक्का नाही, 1897 चा कायदा आहे. त्या काळी व्यापारी कच्च्या दारूत तंबाखूचं पाणी, आलुबुखाराचा रस असलं काहीबाही घालून ती जुनी व्हिस्की म्हणून खपवत. त्यावर उपाय म्हणून अटी आल्या: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली (हंगाम दोन, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर), सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान 4 वर्षं ठेवलेली आणि बरोबर 100 प्रूफला भरलेली. तुलना करणाऱ्याला ही आयती सोय आहे. तीव्रता समान, किमान वय समान, दुसऱ्या कोणाची व्हिस्की आत मिसळलेली नाही.

मात्र खरेदी करताना लेबल पुढूनमागून वाचा. 'सिंगल बॅरल' असेल तर बाटलीतली व्हिस्की एकाच पिंपातली. 'स्मॉल बॅच' असेल तर थोड्या पिंपांचं मिश्रण. एकीकडे सिंगल बॅरल आणि दुसरीकडे स्मॉल बॅच आली, तर दिसणारा फरक सगळा धान्याचा नसतो, काही पिंपाचा असतो. एकट्या पिंपाची लहर मोठी असते. गोदामात वरच्या मजल्यावर तापलेलं पिंप आणि खाली गारव्यात राहिलेलं पिंप यांची चव एकाच मॅश बिलची असूनही दोन भावांइतकी वेगळी निघू शकते. वयाचा आकडा छापलेली जुनी बाटली आणि आकडा नसलेली बाटली हीसुद्धा जोडी जुळत नाही. दोन वर्षं जास्तीचं लाकूड गव्हा-रायच्या फरकावर सहज मात करतं. शक्य तितकं सारखं घ्या, आणि जुळलं नाही तर निदान काय जुळलं नाही हे कागदावर लिहून ठेवा.

आता चव घेण्याचं तंत्र. सगळी गंमत आणि सगळ्या चुका इथेच होतात.

दोन्ही बाटल्या एकाच दिवशी उघडा. महिन्यापूर्वी उघडून अर्धी झालेली एक आणि आज बूच काढलेली दुसरी, ही तुलना बाद समजा. अर्ध्या बाटलीत हवा शिरून वरचे उग्र वास उडालेले असतात, आणि ती धान्याच्या गुणाने नाही तर हवेमुळे 'मऊ' वाटते.

ग्लास सारखे घ्या, तोंडाशी निमुळते, ग्लेनकेर्न नावाचे खास व्हिस्कीचे ग्लास असतील तर उत्तम. भांडी घासायच्या साबणाचा वास आणि लाकडी कपाटाचा वास दोन्ही ग्लासात राहतात. साध्या पाण्याने विसळून, उलटे टाकून सुकवा. प्रत्येकी 15 मिली ओता. खोलीत उदबत्ती, लसणाची फोडणी, परफ्यूम नको. आपल्याकडे विसरलं जातं ते तापमान. एप्रिलमधल्या पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या 33 अंशांच्या खोलीत 50 टक्क्यांची व्हिस्की नाकात स्पिरिटसारखी घुसते आणि राय काय, गहू काय, सगळं एकच होतं. बाटली 20 ते 22 अंशांवर हवी. एसी लावा किंवा बाटल्या साधारण तासभर फ्रिजच्या दारात ठेवा. त्याहून थंड केल्या तर उलटी अडचण: वास मिटतात आणि तुरटपणा पुढे येतो.

ओतल्यावर दहा मिनिटं थांबा. ग्लासात नाक खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे दारूची वाफ नाकातच कोंडत नाही. पहिला घोट अगदी छोटा, आणि त्यावर मत बनवायचं नाही. तो जिभेला 50 टक्क्यांची सवय लावण्यापुरता. खरी चव दुसऱ्या घोटापासून. आधी गव्हाची, मग रायची. उलट केलं तर रायचा मसाला जिभेवर ठाण मांडतो आणि गव्हाची पाणचट वाटते, आणि मग 'गव्हाची अगदीच मिळमिळीत' असा शेरा बसतो. मधे पाणी आणि बिनमिठाच्या पोळीचा तुकडा. फरसाण, खारे शेंगदाणे, चकली संध्याकाळी नंतर.

पहिल्या पाच सेकंदांत दोघी जवळजवळ सारख्याच लागतात: कॅरॅमल, व्हॅनिला, भाजलेल्या मक्याच्या कणसाचा वास. इथे फरक शोधू नका. घोट जिभेच्या मध्यावर आला की वाटा फुटतात. गव्हाची पसरट होते, काकवीकडे, मधाकडे, तव्यावर नुकत्या फुगलेल्या पोळीच्या वासाकडे जाते. काही पिंपांत खारकेसारखा गर्द फळाचा अंश असतो. रायची त्याच जागी आक्रसते, दालचिनी आणि लवंग वर येतात, कडेला संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. गिळल्यानंतरचा अर्धा मिनिट सर्वांत बोलका. रायची शेपटी कोरडी, जिभेच्या बाजूंवर सुंठ चावल्यासारखी. गव्हाचीलाही चुरचुर असते, पण ती मागे घशाशी, मिऱ्यासारखी. ती धान्याची कमी आणि जळलेल्या ओकची व दारूची जास्त. इथेच 'गव्हाची म्हणजे स्मूद' या समजुतीचा पाय घसरतो. दोन्हींत अल्कोहोल 50 टक्केच आहे, चटका दोघी देतात. चटक्याबरोबर मसाला आला नाही की मेंदू त्याला मऊ म्हणतो.

पाण्याचा टप्पा टाळू नका, पण अंदाजे धार सोडू नका. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज आणा. 15 मिली व्हिस्कीत 1.7 मिली पाणी घातलं की ती सुमारे 45 टक्के होते, एकूण 3.75 मिली घातलं की 40. पाणी आरओचं किंवा बाटलीचं, बोअरचं जड पाणी किंवा क्लोरीनचा वास येणारं नळाचं नको. 45 वर गव्हाची सहसा सर्वांत सुरेख उमलते. 40 वर ती विरते, पिंपाचा लाकूडपणा उरतो आणि मध्यभाग पोकळ होतो. रायची 40 वरही अंगावर येते. पाणी घालून गार केल्यावर व्हिस्की किंचित ढगाळ झाली तर घाबरू नका. दारू पातळ झाली की तेलकट आम्लं आणि एस्टर विरघळलेले राहत नाहीत, म्हणून ती धूसर दिसते. व्हिस्की खराब झाल्याची ती खूण नाही, उलट चव देणारं द्रव्य गाळून टाकलेलं नाही याची आहे.

लेबल पाहून चव घेतली की जीभ लेबलचंच ऐकते. दोन बाटल्यांतला फरक खरंच कळतो का हे तपासायचं असेल तर तीन ग्लासांची परीक्षा घ्या: दुसऱ्या कोणाला सांगा, दोन ग्लासांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, ग्लासांच्या बुडाला खूण. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक, म्हणून एका फेरीला अर्थ नाही. सहा फेऱ्यांत पाच वेळा बरोबर आलात तर ती नशिबाची करामत असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली जाते. चार वेळा आलात तर ती दहा टक्के आहे, तेव्हा मिशीवर ताव देऊ नका. प्रत्येक ग्लासात 5 मिलीच ओता. सहा फेऱ्यांचे 90 मिली होतात, ते एका बैठकीत नको: दोन संध्याकाळी तीन-तीन फेऱ्या करा किंवा धंदेवाईक करतात तसं थुंका. चौथ्या फेरीनंतर जीभ बधिर होते आणि पुढचे निकाल कचऱ्यात जातात.

कॉकटेलचं गणित सरळ आहे. ओल्ड फॅशन्डमध्ये 60 मिली रायची, 5 मिली घट्ट साखरपाक, अँगोस्टुरा या कडू अर्काचे दोन शिंतोडे, एक मोठा बर्फाचा तुकडा, वर संत्र्याची साल पिळून. गव्हाची वापरायची तर साखरपाक 3 मिलीवर आणा, नाहीतर पेय मिठाईकडे झुकतं. मॅनहॅटन रायचीनेच करा. त्यातल्या 30 मिली गोड व्हर्मूथपुढे (वनस्पती-मसाल्यांची वाइन) गहू हरतो. व्हिस्की सावरमध्ये मात्र गव्हाची जमते, लिंबाची धार तिला हवी असलेली कडा देते. जेवणाच्या ताटात तांबडा रस्सा असेल तर त्या दिवशी दोन्ही बंद ठेवा. मिरचीच्या आगीवर 50 टक्के अल्कोहोल म्हणजे नुसता जाळ, आणि पैशाचा धूर.

पेगचा हिशेब चुकवू नका. अमेरिकी प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट. आपल्या बाटल्यांवरचं '75 डिग्री प्रूफ' हे जुनं ब्रिटिश माप, त्याचे टक्के होतात 42.8. तेव्हा आकड्यांवरून 'शंभर विरुद्ध पंचाहत्तर' अशी तुलना करू नका. खरी तुलना 50 विरुद्ध 42.8 अशी आहे. या बर्बनचा 60 मिलीचा पेग म्हणजे नेहमीच्या व्हिस्कीचे 70 मिली. तीन पेगांत अर्धा पेग फुकट चढतो.

अमेरिकेतून येणारा कोणी आणणार असेल तर दोन 750 मिलीच्या बाटल्या भारतात प्रवाशाला मिळणाऱ्या 2 लिटरच्या करमुक्त मर्यादेत बसतात. सामानात टाकताना बुचाभोवती फिल्म गुंडाळा आणि बाटल्या बॅगेच्या मधोमध कपड्यांत ठेवा. महाराष्ट्रात अशी दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि वय 25 पूर्ण हवं, हेही ध्यानात असू द्या. बर्बनवरचं आयात शुल्क फेब्रुवारी 2025 मध्ये 150 टक्क्यांवरून 100 वर आलं असलं, तरी त्यावर राज्याचे कर बसतातच. सोबत आणलेली बाटली अजूनही स्वस्त पडते.

घरी बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नाहीत. वाइनचं बूच ओलं राहावं लागतं, व्हिस्कीचं नाही; 50 टक्क्यांची दारू बूच कुरतडते, त्याचा चुरा आणि कडसर वास आत उतरतो. उन्हापासून लांब, स्वयंपाकघराच्या ओट्यापासूनही लांब. बाटली एक तृतीयांशाखाली गेली की उरलेलं छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा.

आणि दोन्हींतलं थोडं शिल्लक असतानाच एक प्रयोग करून बघा. दोन्ही 100-100 मिली एका स्वच्छ बाटलीत मिसळा. हिशेब केलात तर मका 64, गहू 12, राय 12, जव 12 अशी चार धान्यांची बर्बन तयार होते. लगेच चाखलीत तर दोन्ही वेगवेगळ्या बोलतात, वर राय आणि खाली गहू. बूच लावून आठवडाभर ठेवा आणि मग आधीच्या दोघींच्या मधे तिसरा ग्लास म्हणून ओता. राय 24 वरून 12 टक्क्यांवर आली तरी दालचिनी अर्धी होत नाही, हे तिथे कळतं.